प्रवाळद्वीपांतील रात्रीचा मुक्काम

मालदीवच्या बेटांतून नावेने हिंडू पाहणाऱ्या माणसाला दिवस कोठे घालवावा ही चिंता फारशी पडत नाही, कारण पाणी तेथे बहुतेक सर्वत्र निर्मळ आणि प्रवाळांची बने पावलोपावली. त्याच्यापुढे खरा प्रश्न उभा राहतो तो रात्र कोठे काढावी हा. विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस आरंभ होऊन उत्तरेकडे आठशे किलोमीटरांहून अधिक अंतर पसरलेल्या या राज्यात बाराशेच्या आसपास बेटे आहेत, त्यांपैकी जेमतेम दोनशे बेटांवर वस्ती आहे, आणि ही सारी भूमी सव्वीस कंकणाकृती प्रवाळमंडलांत अशी काही विखुरलेली आहे की नकाशावर जी जागा मोकळा समुद्र म्हणून दिसते तीच पुष्कळदा पाण्याखाली वीतभर बुडालेल्या खडकांनी व्यापलेली असते. सूर्य मावळला की हे खडक दिसेनासे होतात, म्हणून नाव कोठेतरी थांबवावी लागते. आणि थांबावे तर ते बेट कोणाच्या तरी अंमलाखाली असते, तेथे उतरण्यास कोणाची तरी अनुज्ञा लागते. या द्वीपांतील जलप्रवासाचा गेल्या सात शतकांचा वृत्तांत चाळून पाहिला, तर सुलतान आले आणि गेले, शिडे गेली आणि यंत्रे आली, कवड्यांचा व्यापार बुडून पर्यटनाचा उदीम वाढला, तरी खडक आणि हुकूम या दोहोंच्या दरम्यान मुक्कामाची जागा शोधण्याचा हा उद्योग मात्र अखंड चालू राहिलेला दिसतो.

प्रथम खडकाविषयी. या मंडलांच्या बाहेरचा समुद्र अत्यंत खोल आणि आतले सरोवर त्यामानाने उथळ असून, कड्यामध्ये जागोजाग खिंडी पडलेल्या असतात. तेथील दिवेही भाषेत या खिंडीला 'कंडू', कड्याच्या प्रवाळभित्तीला 'फरू', पृष्ठभागाशी येऊन भिडलेल्या एकट्या खडकाला 'गिरी' आणि काही वाव खाली राहिलेल्या खडकाला 'तिला' अशी नावे आहेत. पाण्याचा वर्ण हाच येथला नकाशा: गडद निळे पाणी खोल, फिकट हिरवे पाणी वाळूवरचे, आणि पिवळट तपकिरी छटा दिसली की तेथे प्रवाळ आहे असे समजून सुकाणू फिरवावयाचे. हा वर्ण सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असतानाच नीट वाचता येतो, समोरच्या उतरत्या उन्हात पाणी नुसते चकाकते आणि सर्व भेद लोपून जातात. त्यामुळे पश्चिमेकडे जाणाऱ्या नावेने सकाळीच निघावे, तिसऱ्या प्रहरापर्यंत मुक्काम गाठावा, आणि नाळेवर एक तीक्ष्ण दृष्टीचा माणूस उभा केल्यावाचून सरोवरात शिरू नये, हा तेथील नावाड्यांचा जुना प्रघात आजही सहलीच्या नौकांवर पाळला जातो. नांगराचीही एक अडचण आहेच. सरोवराचा तळ बहुधा इतका खाली असतो की साधा दोर पुरत नाही, म्हणून एखाद्या खडकाच्या आडोशाला, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस, वाळूचा जो अरुंद पट्टा सापडेल तेथेच नांगर टाकावा लागतो.

आडोसा कोणत्या बाजूस मिळेल हे मात्र ऋतूवर अवलंबून. डिसेंबरपासून एप्रिलच्या आरंभापर्यंत ईशान्येचा वारा, ज्याला तेथे 'इरुवाई' म्हणतात, आणि तेथून पुढे नैर्ऋत्येचा 'हुळंगू', अशी वर्षाची वाटणी असून, या वर्षाचे तेरा-चौदा दिवसांचे सत्तावीस भाग पाडलेले आहेत. या भागांना 'नकई' म्हणतात, आणि त्यांची नावे आपल्या शेतकऱ्याला परकी वाटू नयेत अशीच आहेत: अस्सिदा म्हणजे अश्विनी, रोआनू म्हणजे रोहिणी, मियाहेली म्हणजे मृग, अदा म्हणजे आर्द्रा. हा देश बाराव्या शतकात इस्लामी झाला, सुलतानांनी हिजरी कालगणना स्वीकारली, तरी वादळ, मासळी आणि प्रवास यांचा हिशेब नक्षत्रांकडेच राहिला. देशावरचा कुणबी ज्या सुमारास मृगाच्या सरीची वाट पाहत बियाणे काढून ठेवतो, त्याच सुमारास तेथला नाखवा मियाहेलीच्या वाऱ्याचा अदमास घेऊन लांबचा पल्ला तहकूब करतो. इरुवाईत महासागराचा प्रवाह पूर्वेकडून आत शिरतो, म्हणून पूर्वेकडच्या खिंडींत पाणी स्फटिकासारखे स्वच्छ आणि पश्चिमेकडच्या मुखाशी सूक्ष्म जीवांनी गढूळलेले, पण त्या सूक्ष्म जीवांवर जगणारे मांटा नावाचे विशाल पाकट मासे त्या गढूळ पाण्यातच येतात. हुळंगूत हाच क्रम उलटतो. स्वच्छ पाणी आणि मोठे मासे ही दोन्ही सुखे एकाच ठिकाणी क्वचितच लाभतात, हे ज्याने ध्यानात घेतले नाही तो मार्ग आखताना हटकून फसतो.

परकीय प्रवाशांपैकी या मुक्कामाच्या रीतीचे पहिले तपशीलवार वर्णन इब्न बतूता याने केले. हा मोरोक्कोचा काझी १३४३ साली मलबारच्या किनाऱ्यावरून या बेटांकडे आला आणि प्रथम किनोल्हस बेटावर उतरला. बेटे वर्तुळाकार समुदायांत मांडलेली आहेत, प्रत्येक समुदायाला दरवाजासारखे एकच प्रवेशद्वार आहे, आणि तेथील रहिवाशांपैकी कोणी वाटाड्या घेतल्यावाचून कोणतेही गलबत आत जाऊ शकत नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. ती बेटे इतकी लगत आहेत की एका बेटावरून निघताच दुसऱ्याच्या माडांचे शेंडे दिसू लागतात, हेही त्यानेच नमूद केलेले आहे. प्रवेशद्वार एकच असते हे त्याचे म्हणणे अतिशयोक्त, परंतु वाटाड्याविषयीचे म्हणणे अक्षरशः खरे. त्याहून मनोवेधक आहे ते आतिथ्याचे वर्णन. परदेशी जहाज आले म्हणजे बेटावरच्या लहान होड्या त्याला सामोऱ्या जात. त्यांतील प्रत्येक माणसाच्या हाती विडा आणि शहाळे असे, आणि ज्या प्रवाशाला तो ते अर्पण करी तो प्रवासी त्याचा पाहुणा ठरून आपल्या मालासह त्याच्याच घरी राहावयास जाई. राजधानी माले येथे मात्र दरबाराच्या परवानगीवाचून कोणासही किनाऱ्यावर पाय ठेवता येत नसे. म्हणजे एकीकडे अशी मोकळी आस्था की अनोळखी खलाशाला घरात घ्यावे, आणि दुसरीकडे असा कडक बंदोबस्त की त्याने कोठे उतरावे हे राज्याने ठरवावे. या दोन प्रवृत्ती या देशाच्या इतिहासात इतक्या प्राचीन काळापासून शेजारी नांदत आलेल्या आहेत की एकीमुळे दुसरीला बाध येतो असे तेथे कोणास वाटलेले दिसत नाही. स्वतः बतूताचा मुक्काम अपेक्षेहून लांबला, कारण राणी खदीजाच्या दरबाराने त्याला काझीचे पद दिले, त्याने तेथे चार विवाह केले, आणि वजीराशी बिनसल्यावर १३४४ मध्ये तो निघून गेला.

रात्री नाव हाकू नये हा नियम मोडण्याचे धाडस ज्यांनी केले, त्यांची कीर्ती तेथे अजून गाइली जाते. १५५८ पासून पंधरा वर्षे माले पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. त्या काळात उतीमू बेटाचा मोहम्मद ठाकुरुफानू आणि त्याचे दोन बंधू 'कळुओहफुम्मी' नावाच्या आपल्या नौकेतून अंधारात एखाद्या बेटावर उतरत, तेथील शत्रूची शिबंदी कापून काढीत आणि उजाडण्यापूर्वी नाहीसे होत, असे परंपरा सांगते. उत्तरेकडचे मलिकू म्हणजे मिनिकॉय, जे आज आपल्या लक्षद्वीपमध्ये मोडते, हा त्यांचा आश्रय होता. परक्या शिपायांना ज्या पाण्यात दिवसाउजेडीही धास्ती वाटे त्या पाण्यात ही माणसे चांदण्यांच्या आधाराने ये-जा करीत, आणि माझ्या मते १५७३ मध्ये पोर्तुगिजांवर मिळालेल्या विजयाचे श्रेय शौर्याइतकेच खिंडींच्या ज्ञानाला दिले पाहिजे.

खिंडींच्या अज्ञानाने काय घडते याचा दाखला त्यानंतर तीस वर्षांनी मिळाला. सेंट मालोहून निघालेले 'कॉर्बिन' नावाचे फ्रेंच जहाज १६०२ च्या जुलैत रात्रीच्या वेळी गोइदू मंडलाच्या खडकावर आपटून फुटले. त्यातून वाचलेला फ्रांस्वा पिरार हा पुढे पाच वर्षे या बेटांत अर्धवट कैदी, अर्धवट पाहुणा होऊन राहिला, तेथील भाषा शिकला, आणि १६०७ मध्ये बंगालकडून आलेल्या स्वारीच्या धामधुमीत सुटून कालिकत, कोची करीत गोव्यास पोर्तुगिजांच्या पदरी जाऊन पडला. त्याने लिहिलेला वृत्तांत हा मालदीवच्या इतिहासाचा प्रधान आधार होय. सुलतान स्वतःला तेरा प्रांत आणि बारा हजार बेटांचा स्वामी म्हणवीत असे, ही माहिती त्याचीच. कवड्या वेचण्याचे त्याने केलेले वर्णन तर प्रत्येक हौशी जलविहाऱ्याने वाचावे असे आहे: महिन्यातून दोनदा, अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आगेमागे, बायका कमरेइतक्या पाण्यात उतरून खडकांवरच्या कवड्या गोळा करीत. काचेचा चष्मा आणि श्वासाची नळी लावून आज जे लोक त्याच उथळ पाण्यावर पालथे तरंगतात, त्यांच्या आधी शेकडो वर्षे त्या जागेची खडान् खडा माहिती या बायकांना होती. त्यांनी वेचलेल्या कवड्या बंगालमध्ये नाणे म्हणून चालल्या, तेथून आफ्रिकेपर्यंत गेल्या, आणि तुळजापूरच्या भवानीचे भुत्ये ज्या माळा गळ्यात घालतात त्यांतील कवड्याही मूळच्या या सागरातीलच.

मुंबईचा या बेटांशी संबंध याहून प्रत्यक्ष आहे. कंपनी सरकारचे मुंबईचे आरमार, ज्याला १८३० पासून इंडियन नेव्ही हे नाव मिळाले, त्यातील कप्तान रॉबर्ट मोर्सबी याने तांबड्या समुद्राची मोजणी पुरी केल्यावर १८३४ ते १८३६ या काळात मालदीवची मोजणी केली. 'बेनारिस' आणि 'रॉयल टायगर' ही त्याची जहाजे. पण प्रत्यक्ष काम लहान होड्यांतून, शिशाचे वजन बांधलेला दोर ठिकठिकाणी पाण्यात सोडून, खडक न् खडक फिरून करावे लागले, आणि तापाने माणसे एकामागून एक अंथरुणास खिळली. यंग आणि क्रिस्टोफर हे दोन अधिकारी लोकांची भाषा व चालीरीती टिपून घेण्यासाठी मालेत राहिले, तेही आजारी पडले, परंतु त्यांनी लिहिलेली टिपणे मुंबईच्या भौगोलिक संस्थेने प्रसिद्ध केली. मोर्सबीने काढलेले नकाशे इतके काटेकोर होते की चार्ल्स डार्विनने १८४२ च्या आपल्या प्रवाळभित्तींवरील ग्रंथात त्यांचा आधार घेतला, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नौकानयनाचे काम त्यांवरच चालले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर मुंबईच्या बोहरी व्यापाऱ्यांनी मालेत पेढ्या घातल्या आणि तांदूळ, कापड व सुकी मासळी यांचा परदेशी व्यापार जवळजवळ शंभर वर्षे आपल्या हाती ठेवला.

अंतर्गत वाहतूक मात्र दिवेही नावाड्यांचीच राहिली. माडाच्या लाकडाची, नाळेशी उंच वळण घेतलेली धोणी कोणत्याही कागदी आराखड्यावाचून सुतार नुसत्या नजरेने बांधीत. पूर्वी तिच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत, पुढे तांब्याचे खिळे आले. अवजड माल 'बत्तेली' नावाच्या मोठ्या शिडाच्या नावेतून जाई. शिडाने ताशी चार सागरी मैलांची गती धरली तर अकरा तासांच्या उजेडात चव्वेचाळीस मैल होतात. पण दक्षिणेकडील हुवदू मंडलाच्या उत्तरेची दीड अंशाची खाडी पन्नासाहून अधिक मैल रुंद आहे, म्हणजे ती एका दिवसात पार होणे नाही. उत्तर आणि दक्षिण या भागांत बोलीपासून स्वभावापर्यंत जे अंतर पडले, आणि १९५९ ते १९६३ या चार वर्षांत दक्षिणेच्या तीन मंडलांनी मालेपासून फुटून जे निराळे राज्य थाटले, त्यांची इतर कारणे अनेक असतील, तथापि त्या एका उघड्या समुद्रातल्या रात्रीचा त्यांत वाटा आहे असे मला राहून राहून वाटते. १९७४ पासून धोण्यांना यंत्रे बसू लागली आणि हा हिशेब बदलला.

तोपर्यंत नवे पाहुणे येऊन पोहोचले होते. ऑस्ट्रियाचा पाणबुड्या हान्स हास याची 'झारिफा' नौका १९५७-५८ मध्ये येथे येऊन गेली आणि पाण्याखालच्या या सृष्टीची छायाचित्रे युरोपात पसरली. तरीही साठाच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने, येथे ना बँक, ना वीज, ना धड विमानतळ, तेव्हा पर्यटनास वाव नाही, असा अभिप्राय दिला; तज्ज्ञांचे अभिप्राय किती विश्वासार्ह असतात याचा हा एक उत्तम नमुना. १९७२ च्या फेब्रुवारीत जॉर्ज कॉर्बिन नावाच्या इटालियन प्रवासव्यवस्थापकाने वीस-बावीस लोकांची पहिली तुकडी आणली. तीनशे सत्तर वर्षांपूर्वी फुटलेल्या जहाजाचे आणि या गृहस्थाचे नाव एकच असावे हा योगायोग इतिहासाच्या विनोदबुद्धीची साक्ष देतो. त्या पाहुण्यांची झोपण्याची सोय मालेतील घरांत झाली, म्हणजे विडा-शहाळ्यांच्या काळाप्रमाणेच झाली, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात विहामानाफुशी या निर्जन बेटावर कुरुम्बा हे पहिले विश्रामस्थान उघडले: प्रवाळाच्या दगडाच्या भिंती, वर माडाच्या झावळ्या, आणि सगळ्या मिळून तीसच खोल्या.

एक निर्जन बेट, एक विश्रामस्थान, हे सूत्र येथून रूढ झाले आणि पुढे ते राज्याचे धोरण बनले. वस्तीच्या बेटांवर मद्य, पोशाख आणि परकी चालीरीती यांचा संसर्ग होऊ नये म्हणून ऐंशीच्या दशकात तेथे पर्यटकाने रात्र काढण्यास मनाई झाली. दिवसा फेरफटका मारावा, चार वस्तू खरीदाव्या, परंतु सूर्यास्तापूर्वी परत फिरावे, आणि दूरच्या मंडलांत जावयाचे तर सरकारी दफ्तरातून परवाना काढावा. संस्कृतिरक्षणाचा हेतू मी क्षुद्र मानीत नाही, तथापि या व्यवस्थेत उत्पन्न मोजक्या धनिकांच्या हाती गेले आणि मच्छीमाराच्या घरी पाहुणा येण्याची सहाशे वर्षांची वाट बुजली, हेही सांगितले पाहिजे. या मनाईतून मार्ग काढला तो नावाड्यांनी. बेटावर झोपण्यास मज्जाव, मग नावेवर झोपावे! जुन्या बत्तेल्या आणि धोण्या यांवर तक्तपोशी, सैपाकाची जागा आणि पाण्याच्या टाक्या बसवून त्यांनी 'सफारी' नौका सिद्ध केल्या. सोबत एक लहान धोणी दोराने बांधून घ्यावयाची, तिच्यातून प्रवासी दिवसा गिरी आणि तिलांवर न्यावयाचे, संध्याकाळी एखाद्या खडकाच्या आडोशाला नांगर टाकून निर्जन वाळूच्या बेटावर मासळी भाजावयाची, आणि झोपावयास पुन्हा नावेवर यावयाचे. मार्ग आखण्याची सूत्रे नाखव्याची जुनीच राहिली. १९९८ साली समुद्र तापून उथळ पाण्यातील बहुतांश प्रवाळ पांढरे पडून मेले, तेव्हा या नौकांना आपली ठरलेली ठिकाणे सोडून खोल तिला आणि खिंडी धुंडाव्या लागल्या.

२००८ च्या बहुपक्षीय निवडणुकीनंतर आलेल्या मोहम्मद नशीद यांच्या सरकारने वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहे काढण्यास मुभा दिली, मंडलांना जोडणाऱ्या सार्वजनिक नौकांची ये-जा सुरू केली, आणि तोवर मुख्यतः कारागृहासाठी माहीत असलेले माफुशी बेट पाहता पाहता पाहुण्यांनी भरले. शुक्रवारी या नौका बंद असतात, मद्य बेटावर मिळत नाही, स्नानाच्या पोशाखासाठी किनाऱ्याचा एक भाग आडपडद्याने राखून ठेवलेला असतो. बंदोबस्त आणि आस्था यांची जुनी सोबत अशा रीतीने चालू आहे. मुंबई-पुण्याकडील कुटुंबे आता बव्हंशी याच वाटेने जातात.

हुकमाचे नवे रूप पाहावयाचे तर बा मंडलातील हनिफारू येथे जावे. २०११ साली हे मंडल युनेस्कोच्या राखीव जीवावरणांत समाविष्ट झाले. हनिफारूच्या लहानशा कोंडाळ्यात हुळंगूच्या दिवसांत, विशेषतः अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, सूक्ष्म जीवांचा एवढा साठा अडकतो की शेकडो मांटा तेथे गोळा होतात. पाठीवर हवेची नळकांडी घेऊन तेथे उतरण्यास बंदी आहे, फक्त नळीने श्वास घेत पृष्ठभागावर तरंगता येते, आणि तेही अधिकृत वाटाड्याबरोबर, परवाना घेऊन, एका तुकडीला ४५ मिनिटे. परवाना शेजारच्या धारवंदू बेटावर मिळतो, नावा तेथूनच निघतात, आणि मासे आल्याची वर्दी आली की तासाभराच्या आत पोहोचावे लागते. त्यामुळे दूरच्या विश्रामस्थानातून दिवसाची फेरी करण्यापेक्षा धारवंदूलाच उतरावे, तिथी पाहून तीन-चार रात्री राखून ठेवाव्या, आणि परतीची नौका शुक्रवारी येणार नाही एवढी खबरदारी घ्यावी.